मराठी ऐतिहासिक कादंबरी : लढाई, गुपित आणि फितुरी

मराठी ऐतिहासिक कादंबरी ही मुख्यतः सतराव्या-अठराव्या शतकांतील मराठी सत्तेचा उदय, विस्तार आणि ऱ्हास यांवर उभी राहिलेली आहे. किल्ले, घोडदौडी, वेषांतरे, भुयारे, गुप्त खलिते, जासूद आणि ऐन वेळी उलटणारी माणसे हा तिचा ठरलेला सरंजाम. रणांगण तिच्यात असतेच. पण वाचकाला जागवत ठेवणारे प्रसंग बहुधा किल्ल्याच्या चोरदिंडीपाशी, खलबतखान्यात किंवा वाड्याच्या माजघरात घडतात. आपल्यातलाच कोणी शत्रूला मिळाला आहे आणि तो कोण हे अजून उमगलेले नाही, ही धास्ती या कादंबरीचा प्राण आहे. त्या फितुराचे नाव काल्पनिक असावे की इतिहासातले, या एका प्रश्नाभोवती तिचा दीडशे वर्षांचा प्रवास बराचसा उलगडता येतो.

पहिली मराठी ऐतिहासिक कादंबरी म्हणून रामचंद्र भिकाजी गुंजीकर (१८४३–१९०१) यांच्या ‘मोचनगड’चा मान आहे. ती आधी ‘विविधज्ञानविस्तार’ मासिकातून क्रमशः आली आणि १८७१ मध्ये पुस्तकरूपाने निघाली. त्यापूर्वी लक्ष्मणशास्त्री हळबे यांच्या ‘मुक्तामाला’सारख्या (१८६१) कादंबऱ्यांत संकटे, ताटातूट, दुष्ट कारस्थानी आणि सुखान्त पुनर्भेट हे सगळे होते, पण ते कोणत्या काळात आणि कोणाच्या राज्यात घडते याला महत्त्व नव्हते. गुंजीकरांनी गोष्टीला शिवकाळ दिला. गड मात्र त्यांनी कल्पनेतून बांधला, आणि हा निर्णय फार मोलाचा ठरला. गड खोटा असल्यामुळे त्याच्यावर काय घडेल हे वाचकाला ठाऊक नव्हते. काळ ओळखीचा आणि घटना अनोळखी, अशी ही मांडणी पुढे हरि नारायण आपटे यांनी कळसाला नेली.

ही मांडणी मूळची स्कॉटिश कादंबरीकार वॉल्टर स्कॉट याची. त्याची ‘वेव्हर्ली’ १८१४ मध्ये प्रसिद्ध झाली. दोन पक्षांच्या कात्रीत सापडलेला सामान्य तरुण मध्यभागी आणि इतिहासातली मोठी माणसे कडेला, ही त्याची रीत. इंग्रजी शिकलेल्या पहिल्या पिढ्यांनी स्कॉट वाचला, आणि त्याहूनही आवडीने रेनॉल्ड्स या इंग्रज लेखकाच्या रहस्यांनी खच्चून भरलेल्या कादंबऱ्या वाचल्या. बंगालीत भूदेव मुखोपाध्याय यांनी १८५७ मध्येच ‘अंगुरीय विनिमय’ या कथेत शिवाजी महाराजांना आणले होते. निजामाच्या चाकरीत राहिलेला इंग्रज अधिकारी मेडोज टेलर याने टिपू सुलतानावर १८४० मध्ये आणि अफजलखान-प्रसंगाच्या भोवती ‘तारा’ ही १८६३ मध्ये, अशा इंग्रजी कादंबऱ्या लिहिल्या होत्या. आपट्यांची पहिली ऐतिहासिक कादंबरी ‘म्हैसूरचा वाघ’ ही टेलरच्या टिपूवरील कादंबरीच्याच आधाराने लिहिलेली आहे.

हरि नारायण आपटे (१८६४–१९१९) यांनी १८९० मध्ये ‘करमणूक’ हे साप्ताहिक सुरू केले. त्यांच्या बहुतेक ऐतिहासिक कादंबऱ्या त्यातून हप्त्याहप्त्याने आल्या, आणि रचनेवर त्याचा ठसा स्पष्ट दिसतो. प्रकरण अशा जागी तुटते की पुढचा अंक येईपर्यंत वाचकाला चैन पडू नये. दार वाजते, मशाल विझते, ओळखीचा आवाज अंधारातून येतो, आणि तिथेच थांबते. सलग वाचताना या युक्त्या आणि त्यांच्या जोडीचा पाल्हाळ आज जाणवतो. आठवड्याला एक हप्ता वाचणाऱ्यांसाठी मात्र तो गोष्टीत रमण्याचा अवकाश होता.

त्यांची ‘उषःकाल’ (१८९५–९७) या प्रकारातली सर्वांत भरीव कादंबरी आहे. काळ शिवाजी महाराजांच्या तरुणपणाचा. सुलतानगडाचा किल्लेदार रंगराव अप्पा आदिलशाहीशी एकनिष्ठ, आणि त्याचा मुलगा नानासाहेब स्वराज्याच्या कल्पनेने पेटलेला. इथे आपट्यांनी फितुरीचा प्रश्न उलटासुलटा करून पाहिला आहे. खाल्ल्या मिठाला जागणे हा बापाचा धर्म आहे. त्या धर्माने पाहिले तर मुलगाच फितूर. मुलाच्या डोळ्यांनी पाहिले तर बापाची निष्ठाच चुकीच्या दारी बांधलेली. दोघांनाही आपापल्या जागी खरे ठरवण्याची ताकद लेखकात आहे, आणि भुयारे, मठ, गुप्त भेटी यांच्या गर्दीतही हा पेच हरवत नाही. कादंबरी चालू होती त्याच वर्षांत लोकमान्य टिळक शिवाजी उत्सव उभा करत होते. परक्या सरकारच्या चाकरीत असलेला बाप आणि स्वराज्याकडे ओढलेला मुलगा ही जोडी पुण्यातल्या अनेक घरांना ओळखीची वाटली असणार.

‘गड आला पण सिंह गेला’ (१९०३) मध्ये ४ फेब्रुवारी १६७० ची सिंहगडाची लढाई आहे. तानाजीच्या चढाईला आपट्यांनी उदेभानाच्या तावडीत सापडलेल्या कमलकुमारीची कथा जोडली. लढाईचा निकाल सर्वांना पाठ होता. त्या कल्पित स्त्रीचे काय होणार हे कोणालाच माहीत नव्हते, आणि उत्कंठा तिच्यावरच टांगलेली आहे. ‘वज्राघात’ (१९१५) मराठेशाही सोडून विजयनगराच्या १५६५ मधील सर्वनाशाकडे जाते. रामराजाने एके काळी जिच्यावर प्रेम केले ती मेहेरजान आणि त्या प्रेमातून जन्मलेला रणमस्तखान यांच्याभोवती ती फिरते. आपला बाप कोण हे रणमस्तखानाला ठाऊक नाही, आणि तो विजापूरच्या बाजूने बापाच्याच नाशासाठी राबतो. साम्राज्य बुडण्याची कारणे एका घरातल्या दडवलेल्या गोष्टीत पाहणे इतिहास म्हणून तोकडेच आहे. शोकांतिका म्हणून मात्र या कादंबरीच्या तोडीचे मराठीत फार थोडे आहे.

आपट्यांवर इतिहास सैल हाताने वापरल्याचा आरोप होतो. त्यात तथ्य आहे, पण तारखा ध्यानात घ्यायला हव्यात. ‘काव्येतिहाससंग्रह’ १८७८ पासून बखरी आणि पत्रे छापत होता, तरी वि. का. राजवाडे यांच्या ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’चा पहिला खंड १८९८ मध्ये, म्हणजे ‘उषःकाल’ संपल्यावर निघाला. वासुदेवशास्त्री खरे यांचा ‘ऐतिहासिक लेखसंग्रह’ही त्याच सुमाराचा. पुण्यातील भारत इतिहास संशोधक मंडळ १९१० चे, आणि गो. स. सरदेसाई यांनी संपादलेले पेशवे दप्तरातील निवडक कागदांचे पंचेचाळीस खंड तर १९३० नंतरचे. आपट्यांच्या हाती मुख्यतः बखरी, पोवाडे आणि ग्रँट डफने इंग्रजीत लिहिलेला मराठ्यांचा इतिहास एवढीच सामग्री होती. उरलेली जागा कल्पनेने भरणे त्यांना भागच होते.

त्यांच्यानंतर नाथमाधव (द्वारकानाथ माधव पितळे, १८८२–१९२८) यांनी स्वराज्यावरील कादंबऱ्यांची मालिका लिहिली, आणि ‘वीरधवल’सारखी अद्भुताकडे झुकणारी साहसकथाही. शिकारीच्या नादात सिंहगडावरून पडून ते कायमचे अपंग झाले होते; त्यांच्या कादंबऱ्यांतली दौड आणि चढाई अंथरुणावरून लिहिलेली आहे. चिं. वि. वैद्य यांनी ‘दुर्दैवी रंगू’मधून (१९१४) पानिपत सांगितले. वि. वा. हडप यांनी ‘कादंबरीमय पेशवाई’ची लांबलचक माला चालवली. ग्रंथालयांतून ही पुस्तके झिजेपर्यंत वाचली गेली, पण साच्यात त्यांनी नवे फारसे आणले नाही. गो. नी. दांडेकर यांचे वेगळेपण इथे नोंदवायला हवे. गड पायी हिंडलेल्या या लेखकाच्या शिवकालीन कादंबऱ्यांत कडा, वारा आणि रानवाट ही पात्रांइतकीच जिवंत आहेत, आणि नायक बहुधा साधा मावळा असतो.

मोठे वळण आले ते रणजित देसाई यांच्या ‘स्वामी’ने (१९६२). थोरले माधवराव पेशवे कडेवरून उठून थेट मध्यभागी आले. कल्पित गड, कल्पित किल्लेदार, कल्पित नायक गेले, आणि त्यांच्याबरोबर ‘पुढे काय होणार’ हा प्रश्नही गेला, कारण माधवराव अठ्ठावीस वर्षांचे होण्याआधीच क्षयाने जाणार हे पहिल्या पानापासून ठाऊक असते. उत्कंठेची जागा करुणेने घेतली. गुपित होते ते माणसाच्या मनात सरकले. काका राघोबादादांची कारस्थाने माधवरावांना दिसतात. पण नात्यामुळे हात उचलता येत नाही, ही त्यांची कोंडी आहे. साहित्य अकादमी पुरस्कार आणि अमाप वाचकप्रियता या कादंबरीला लाभली, आणि चरित्रात्मक ऐतिहासिक कादंबरी हाच पुढे या प्रकाराचा राजमार्ग झाला. देसायांच्याच ‘श्रीमान योगी’ला (१९६८) प्रस्तावना म्हणून नरहर कुरुंदकर यांचे दीर्घ पत्र जोडलेले आहे. ललित लेखकाला इतिहासाच्या साधनांकडे कसे पाहावे हे समजावणारा तो निबंध स्वतंत्रपणेही वाचण्याजोगा आहे.

या राजमार्गावर चालूनही साहस आणि रहस्य राखले ते ना. सं. इनामदार (१९२३–२००२) यांनी. इतिहासाने ज्यांना दोषी ठरवले अशी माणसे त्यांनी मुद्दाम निवडली: यशवंतराव होळकर (‘झुंज’), दुसरा बाजीराव (‘मंत्रावेगळा’), औरंगजेब (‘शहेनशहा’). पहिल्या बाजीरावावरील ‘राऊ’ सर्वाधिक खपली. पण त्यांची खरी ताकद ‘झेप’मध्ये (१९६३) दिसते. तिचा नायक त्र्यंबकजी डेंगळे.

त्र्यंबकजीचे आयुष्यच कादंबरीसारखे. दुसऱ्या बाजीरावाच्या पदरी तो शून्यातून वर चढला आणि कारभारी झाला. गायकवाडांचे वकील गंगाधरशास्त्री पटवर्धन इंग्रजांच्या हमीवर पेशव्यांकडे आले होते. जुलै १८१५ मध्ये पंढरपुरात त्यांचा खून झाला आणि ठपका त्र्यंबकजीवर आला. पुण्यातला इंग्रजांचा रेसिडेंट (दरबारी वकील) एल्फिन्स्टन याने दडपण आणून त्याला ताब्यात घेतले व ठाण्याच्या किल्ल्यात कोंडले. फितुरी होऊ नये म्हणून पहारा फक्त गोऱ्या शिपायांचा ठेवला, आणि तीच व्यवस्था त्याच्या पथ्यावर पडली. बिशप हेबरने आपल्या प्रवासवृत्तान्तात दिलेली हकीकत अशी: एका इंग्रज अधिकाऱ्याचा मराठा मोतद्दार (घोड्याची निगा राखणारा नोकर) घोडा फिरवताना कोठडीच्या खिडकीखालून गाणी म्हणत जाई. झाडीत माणसे दबून आहेत, घोडेस्वार तयार आहेत, अशा अर्थाच्या त्या ओळी पहारेकऱ्यांच्या कानांवर रोज पडत होत्या. मराठी कोणालाच येत नव्हते. सप्टेंबर १८१६ मध्ये त्र्यंबकजी भिंत ओलांडून निसटला. दोन वर्षांनी पुन्हा पकडला जाऊन तो चुनारच्या किल्ल्यात कैदेत पडला, आणि तिथेच वारला. इंग्रजी कागदांत तो खुनी आणि कारस्थानी आहे. इनामदार त्याला पेशवाई बुडताना इंग्रजांशी झुंजायला तयार असलेला माणूस म्हणून उभा करतात. त्यांनी त्याची बाजू काहीशी जास्तच ओढली आहे, पण पेशवे दप्तरात बसून केलेली मेहनत पानापानांवर दिसते.

पानिपत हा या प्रकाराचा न आटणारा झरा. १४ जानेवारी १७६१ चा पराभव कळवणाऱ्या पत्रात दोन मोती गळाल्याचा, मोहरा हरवल्याचा आणि खुर्दा किती गेला याची गणती नसल्याचा सांकेतिक मजकूर होता, हे मराठी माणसाला शाळेपासून ठाऊक असते. विश्वास पाटील यांच्या ‘पानिपत’ने (१९८८) वीरश्रीपेक्षा रसद, उपासमार, बाजारबुणगे आणि सरदारांतील मतभेद यांकडे लक्ष वळवले. तिच्यातला घात हळूहळू, दाण्यागोट्याच्या हिशेबातून घडत जातो. लढाईनंतरचे गुपित त्याहून विलक्षण आहे. सदाशिवरावभाऊंचा देह ओळखला गेला की नाही यावर शंका राहिली, आणि भाऊ म्हणवणारा तोतया पुढे आला. १७७६ मध्ये त्याने कोकणात मोठी फौज जमवली, तेव्हा भले भले त्याला सामील झाले. अखेर पुण्यात त्याला देहदंड झाला. भाऊंच्या पत्नी पार्वतीबाईंनी अखेरपर्यंत सौभाग्यलेणे उतरवले नाही. इनामदारांची ‘शिकस्त’ (१९८३) त्यांचीच कहाणी सांगते.

कादंबऱ्यांतले हेर आणि कागदांतले हेर यांत अंतर आहे. बहिर्जी नाईक हे नाव आज घरोघरी माहीत आहे. सभासदाच्या बखरीत सुरतेच्या स्वारीपूर्वी बातमी आणणारा ‘बहिरजी जासूद’ येतो, तो अगदी मोजक्या शब्दांत. त्याची सोंगे, त्याची सांकेतिक बोली, त्याचे जाळे हे सारे बहुतांशी पुढच्या लेखकांनी रंगवलेले आहे. हेराचा माग कागदावर राहू नये हेच त्याच्या कसबाचे लक्षण, म्हणून कादंबरीकाराला इथे मोकळे रान मिळते आणि ते त्याने घ्यावेही.

फितुराच्या बाबतीत अशी मोकळीक नाही. शिवाजी सावंत यांची ‘छावा’ (१९७९) संभाजी महाराजांना बखरींनी लावलेल्या कलंकातून बाहेर काढणाऱ्या लाटेतली आहे. बखरकार मल्हार रामराव चिटणीसाने रंगवलेली व्यसनी, बेफाम राजाची प्रतिमा वा. सी. बेंद्रे यांच्या १९६० च्या चरित्राने मोडीत काढली. चिटणीसाच्या पूर्वजाला, बाळाजी आवजीला, संभाजी महाराजांनीच मृत्युदंड दिला होता, हे त्या बखरीचे मोल करताना विसरता येत नाही. पण एक कलंक पुसताना दुसरा गडद झाला. फेब्रुवारी १६८९ मध्ये मुकर्रबखानाने संगमेश्वरी महाराजांना पकडले, ते कोणाच्या मदतीने? परंपरा मेहुणे गणोजी शिर्के यांचे नाव घेते. समकालीन साधने एकमुखाने बोलत नाहीत. रंगराव अप्पा कल्पित, त्याला खरे वंशज नव्हते; शिर्क्यांना आहेत. ‘छावा’वर बेतलेला हिंदी चित्रपट २०२५ मध्ये आला तेव्हा त्यांनी या चित्रणाला जाहीर आक्षेप घेतला आणि दिग्दर्शकाने दिलगिरी व्यक्त केली. साधनांत पुरावा पक्का नसेल तिथे फितुराला कल्पित नाव देण्याची गुंजीकर-आपट्यांची रीत आजच्या कादंबरीकारांनी पुन्हा उचलावी, असे या प्रकारावर जीव असणाऱ्या वाचकाला वाटते.