ओपेक आणि ‘गॅस ओपेक’: भाव कुठे ठरतो, व्हिएन्नात की दोह्यात?

वायू निर्यातदार देशांचा मंच, म्हणजे जीईसीएफ, बातम्यांत आला की त्याला ‘गॅस ओपेक’ हे नाव हमखास चिकटतं. नाव सुटसुटीत आहे, पण फसवं आहे. ओपेक ही तेल निर्यातदार देशांची संघटना आपल्या सदस्यांचं तेल उत्पादन ठरवते. जीईसीएफने आजवर कुणालाही किती वायू काढायचा हे सांगितलेलं नाही. आणि गंमत वाटावी अशी गोष्ट म्हणजे, भारतात जहाजाने येणाऱ्या वायूच्या भावावर दोह्यातल्या जीईसीएफपेक्षा व्हिएन्नातल्या ओपेकचा परिणाम कितीतरी जास्त होतो.

गोंधळ होतो त्याला कारण आहे. इराण, अल्जीरिया, लिबिया, नायजेरिया, व्हेनेझुएला हे देश दोन्हीकडे आहेत. जानेवारी २००७ मध्ये इराणचे सर्वोच्च नेते खामेनी यांनी रशियापुढे ओपेकसारख्या वायू संघटनेची कल्पना मांडली आणि पुतिन यांना ती रोचक वाटली, तेव्हापासून युरोपात ‘गॅस ओपेक’चा धसका बसला. मंचाची पहिली बैठक त्याआधीच, २००१ मध्ये तेहरानला झाली होती. डिसेंबर २००८ मध्ये मॉस्कोत त्याची घटना मंजूर झाली. मुख्यालय सेंट पीटर्सबर्गला यावं अशी रशियाची इच्छा होती, पण मान कतारमधल्या दोह्याला मिळाला. त्याच कतारने १ जानेवारी २०१९ पासून ओपेक सोडली. वायूच्या मंचाचा यजमान तेलाच्या संघटनेत राहिलेला नाही, एवढं लक्षात ठेवलं तरी दोन्हींची गल्लत होणार नाही.

ओपेकचं काम कसं चालतं ते आधी पाहू. १९६० मध्ये बगदादला पाच देशांनी ती स्थापन केली, तरी कोटा पद्धत आली १९८२ मध्ये. बहुतेक सदस्यांना रोज किती पिंपं काढायची याचा आकडा मिळतो आणि तो पाळला की नाही हे दर महिन्याला तपासलं जातं. २०१६ पासून रशियासह आणखी काही देश जोडले गेले; तेच ओपेक प्लस. एप्रिल २०२० मध्ये कोरोनामुळे मागणी कोसळली तेव्हा त्यांनी रोज ९७ लाख पिंपांची कपात जाहीर केली. हे जमतं, कारण तेल कुठेही साठवता येतं, टँकर वाटेत वळवता येतो, आणि सौदी अरेबियासारखा देश विहिरी थोड्या बंद ठेवून राखीव क्षमता हाताशी ठेवू शकतो.

(१९७३ ची तेलबंदी ओपेकच्या नावावर सर्रास खपवली जाते. ती अरब तेल उत्पादक देशांच्या वेगळ्या संघटनेतल्या देशांनी घातली होती. इराण तीत नव्हता.)

वायूचा स्वभावच निराळा. तो एक तर पाइपमधून जातो, नाहीतर उणे १६२ अंश सेल्सिअसपर्यंत थंड करून, आकारमान सुमारे सहाशेपटीने घटवून, एलएनजीच्या रूपात जहाजातून जातो. बोलिव्हियाचा निर्यातीचा वायू पाइपलाइनने शेजारी देशांतच जाणार. त्या देशाला समुद्रकिनाराच नाही. म्हणजे बोलिव्हिया आणि कतार एकाच मंचावर बसत असले तरी ते एकाच बाजारात नाहीत. एलएनजी साठवून ठेवणंही महाग, कारण टाकीतला थोडा द्रव रोज उकळून वायू होत राहतो. शिवाय कतारच्या वायूबरोबर कंडेन्सेट हे हलकं तेलही वर येतं आणि त्याचे चांगले पैसे मिळतात. वायू कमी काढला की तेही कमी येतं. द्रवीकरणाचा प्रकल्प उभारायला अब्जावधी डॉलर लागतात. कर्जाचे हप्ते चालू असताना तो अर्ध्या क्षमतेवर चालवायला कोण तयार होईल?

म्हणूनच हा व्यवहार वीस-पंचवीस वर्षांच्या करारांवर उभा असतो. करारात ‘टेक ऑर पे’ची अट असते: ठरलेला माल उचला, नाहीतर न उचलता त्याचे पैसे भरा. विक्रेताही तितकाच बांधला जातो. अशा करारात गुंतलेला देश मंचावर कपातीच्या बाजूने हात वर करेल कसा? त्याला आधी स्वतःचा करार मोडावा लागेल.

एकदा प्रयत्न झाला. एप्रिल २०१० मध्ये अल्जीरियातल्या ओरान शहरात मंचाचे मंत्री जमले. अमेरिकेतला शेल वायू आणि जागतिक मंदी यांमुळे रोखीच्या बाजारात, म्हणजे दीर्घ कराराशिवाय त्या-त्या वेळच्या भावाने होणाऱ्या विक्रीत, एलएनजी स्वस्त झाला होता. यजमान अल्जीरियाने त्या बाजारातला पुरवठा घटवण्याचा आग्रह धरला. पण तेव्हा कतार आपली क्षमता वर्षाला ७७० लाख टनांवर नेण्याच्या शेवटच्या टप्प्यात होता. कपात बारगळली. उरलं ते एक उद्दिष्ट: वायूला तेलाच्या बरोबरीचा भाव मिळावा. वायू एमएमबीटीयू या ऊर्जेच्या एककात विकला जातो. तेलाच्या एका पिंपात साधारण ५.८ एमएमबीटीयू ऊर्जा असते, म्हणजे ८० डॉलरच्या तेलाशी बरोबरी करायची तर वायू सुमारे १३.८ डॉलर प्रति एमएमबीटीयू हवा. ते उद्दिष्ट कागदावर राहिलं.

व्हिएन्नाचा संबंध येतो तो इथे. आशियातल्या बहुतेक दीर्घ करारांत वायूचा भाव तेलाच्या भावाच्या ठरावीक टक्क्यांत लिहिलेला असतो. समजा १२ टक्के. तेल पिंपाला ८० डॉलर असेल तर वायू एमएमबीटीयूला ९.६० डॉलर. ओपेकच्या निर्णयाने तेल १० डॉलरने हललं, की वायू १.२० डॉलरने हलतो. एका टन एलएनजीत सुमारे ५२ एमएमबीटीयू धरले, तर वर्षाला ७५ लाख टनांच्या करारावर हा फरक सुमारे ४७ कोटी डॉलरचा होतो, आणि त्यासाठी जीईसीएफची एकही बैठक लागत नाही.

हे केवळ गणित नाही, घडलेलंही आहे. पेट्रोनेट या एलएनजी आयात करणाऱ्या भारतीय कंपनीने कतारच्या रासगॅस कंपनीशी १९९९ मध्ये ७५ लाख टनांचा करार केला आणि २००४ पासून गुजरातेत दहेजला जहाजं येऊ लागली. त्यातला भाव तेलाच्या पाच वर्षांच्या सरासरीला बांधलेला होता. नोव्हेंबर २०१४ मध्ये ओपेकने उत्पादन न घटवण्याचा निर्णय घेतला आणि आधीच उतरत असलेलं तेल कोसळलं. रोखीचा वायूही स्वस्त झाला, पण कराराची सरासरी जुन्या महाग वर्षांमुळे वरच राहिली. पेट्रोनेटने २०१५ मध्ये माल कमी उचलला आणि ‘टेक ऑर पे’चा प्रचंड दंड समोर उभा राहिला. अखेर त्या वर्षी डिसेंबरमध्ये सूत्र बदललं: पाच वर्षांऐवजी ब्रेंट तेलाची तीन महिन्यांची सरासरी आली, आणि राहिलेला माल पुढे उचलण्याच्या अटीवर दंड माफ झाला. दोन कंपन्यांनी समोरासमोर बसून हे सोडवलं. मंचाचा त्यात काही भाग नव्हता. याच पुरवठ्याचा पुढचा करार, २०२८ ते २०४८ साठी, ६ फेब्रुवारी २०२४ रोजी गोव्यात झाला.

मंचाच्या हातात भाव नसण्याचं दुसरं कारण म्हणजे मंचाबाहेरचा वायू. जगातल्या ज्ञात वायूसाठ्यांपैकी सुमारे ७० टक्के साठे आपल्या सदस्यांकडे असल्याचं जीईसीएफ सांगतो. पण जमिनीखालचा साठा आणि बाजारातला माल यांत फार अंतर आहे. जगातलं सर्वात मोठं वायूक्षेत्र इराण आणि कतार यांच्यात विभागलेलं आहे; कतार त्यातून जगभर एलएनजी पाठवतो, तर निर्बंधांत अडकलेल्या इराणला ते जमलेलं नाही. इजिप्त सदस्य असूनही २०२४ पासून पुन्हा एलएनजी आयात करतो. उलट एलएनजीत २०२३ मध्ये पहिल्या क्रमांकावर गेलेली अमेरिका आणि मोठा निर्यातदार ऑस्ट्रेलिया दोघंही मंचात नाहीत.

मार्च २०१८ मध्ये ‘गेल’ या भारतीय सरकारी वायू कंपनीच्या अमेरिकी करारातलं पहिलं जहाज रत्नागिरी जिल्ह्यात दाभोळला लागलं. त्या कराराचं सूत्र तेलाशी बांधलेलंच नाही: अमेरिकेतल्या लुइझियाना राज्यातल्या हेन्री हब या वायूकेंद्रावरच्या भावाच्या ११५ टक्के अधिक ३ डॉलर. हब ३ डॉलरवर असेल तर ६.४५, आणि वर वाहतूक. इथे दोहाही नाही आणि थेटपणे व्हिएन्नाही नाही. लुइझियानातला वायूचा भाव चालतो.

मग वायूच्या बळावर कुणी दबाव आणूच शकत नाही का? आणू शकतं, पण एकटा देश. २०२२ च्या उन्हाळ्यात रशियाने जर्मनीला जाणाऱ्या नॉर्ड स्ट्रीम पाइपलाइनमधला पुरवठा आधी ४० टक्क्यांवर, मग २० टक्क्यांवर आणला आणि अखेर थांबवला. ऑगस्टमध्ये युरोपातला भाव मेगावॉट-तासाला ३०० युरोंच्या वर गेला. हा मंचाचा ठराव नव्हता, आणि इतर सदस्यांनी आपला पुरवठा आवरून रशियाला साथही दिली नाही. जे वळवता येईल ते त्यांनी चढ्या भावाने विकलं. त्या वर्षी युक्रेन युद्ध सुरू होण्याच्या दोनच दिवस आधी दोह्यात मंचाची शिखर परिषद भरली होती. तिथे कतारच्या ऊर्जामंत्र्यांनी सांगितलं की रशियाची जागा कुणी एक देश भरून काढू शकत नाही, कारण बहुतेक माल दीर्घ करारांत आधीच बांधलेला असतो.

त्यामुळे ‘वायू निर्यातदार देश एकत्र आले’ अशी बातमी दिसली, तर तीत उत्पादनाचा आकडा आहे का ते आधी शोधा. नसेल, तर तो अंदाज, संशोधन आणि माहितीची देवाणघेवाण यांचा कार्यक्रम आहे. मंचाची संशोधन संस्था अल्जियर्सला आहे आणि ती कामं तो मनापासून करतो. आयात वायूच्या भावाचा अंदाज हवा असेल, तर करारातली टक्केवारी, सरासरीचे महिने आणि व्हिएन्नातल्या बैठकीची तारीख पाहा.