अंड्याच्या कवचाचे दोष (परसातील कोंबड्या)

परसातील कोंबडीने बिनकवचाचे, पातळ, खरबरीत, सुरकुतलेले किंवा वेडेवाकडे अंडे घालणे, या सगळ्यांना मिळून कवचदोष म्हणतात. कोल्हापूर जिल्ह्यात दारात चार-दोन कोंबड्या बाळगायची रीत जुनी आहे, पण गावठी कोंबडीत हा दोष क्वचितच दिसतो. ती वर्षाला साधारण ५० ते ८० अंडी घालते, मध्येच खुडूक होऊन (अंडी घालणे थांबवून उबवायला) बसते आणि त्या विसाव्यात हाडांतला साठा भरून काढते. गिरिराज, वनराज, आरआयआर (ऱ्होड आयलंड रेड) अशा सुधारित कोंबड्या परसात आल्या, अंडी वाढली, खुराक मात्र गावठीचाच राहिला. कवचाच्या बहुतेक तक्रारींचे मूळ इथे सापडते.

अंडे तयार व्हायला २४ ते २६ तास लागतात. त्यातले सुमारे २० तास ते कवचग्रंथीत असते आणि कवच मुख्यतः रात्री चढते. ५-६ ग्रॅमच्या कवचात जवळपास ९५ टक्के कॅल्शियम कार्बोनेट, म्हणजे २ ग्रॅमहून थोडे अधिक कॅल्शियम असते. खाल्लेल्यातले निम्म्याच्या आसपास अंगी लागते असे धरले, तर अंड्यावर असलेल्या कोंबडीच्या पोटात रोज ४ ग्रॅम कॅल्शियम जायला हवे. १०० ग्रॅम मक्यातून २० मिलिग्रॅमच्या आसपास, बऱ्याचदा त्याहूनही कमी मिळते. कण्या, ज्वारी, शिळी भाकरी यांचीही गत फारशी वेगळी नाही. उरलेली तूट कोंबडी स्वतःच्या हाडांतून भागवते. तेही सरले की आधी कवच पातळ होते, मग ते नाहीसेच होते आणि शेवटी कोंबडी पायांतून जाते.

बिनकवचाचे अंडे सकाळी खुराड्यात पापुद्र्याच्या पिशवीसारखे पडलेले असते. बोटाने दाबले की खड्डा पडतो, बोट काढले की पुन्हा फुगते. बऱ्याचदा ते दिसतही नाही, कारण इतर कोंबड्या ते फोडून खातात. मागे फक्त ओला, चिकट भुसा उरतो आणि ‘कोंबडी अंड्याची थांबली’ असा समज होतो. नव्याने अंड्यावर आलेल्या तलंगेच्या पहिल्या काही अंड्यांत हे चालायचेच. जुन्या कोंबडीत वारंवार झाले तर मात्र खुराक तपासावा.

उपाय साधा आहे. लेयर मॅशमध्ये, म्हणजे अंड्यावरच्या कोंबड्यांच्या तयार खुराकात, ३.५ ते ४ टक्के कॅल्शियम असते. तो परवडत नसेल तर शेलग्रिट, म्हणजे शिंपल्यांचा जाडसर चुरा, वेगळ्या भांड्यात ठेवावा. संध्याकाळी, खुराड्यात शिरण्याआधी तो मिळणे चांगले: जाड कण पेषणीत (दाणे दळणाऱ्या जठरात) रेंगाळतात आणि रात्री, नेमक्या गरजेच्या वेळी, कॅल्शियम सोडत राहतात. धान्यात कालवून सगळ्यांना सरसकट देऊ नये. वाढत्या पिलांच्या मूत्रपिंडाला जादा कॅल्शियम बाधते. घरातली टरफले वाळवून, भाजून, चुरून दिली तरी चालतात. पिण्याच्या पाण्यात चुना कालवण्याची सवय मात्र सोडलेली बरी. तशा पाण्याला कोंबड्या तोंड लावत नाहीत, आणि पाणी घटले की अंडीही घटतात.

शिंपले देऊनही कवच सुधारत नसेल तर कारण दुसरीकडे असते. गगनबावडा, राधानगरी, शाहूवाडीच्या पावसात कोंबड्या आठवडेच्या आठवडे आत कोंडलेल्या राहतात, ऊन मिळत नाही आणि ड जीवनसत्त्वावाचून कॅल्शियम नीट शोषले जात नाही. याच दिवसांत मक्याला बुरशी धरते. तिच्यातले अफ्लाटॉक्सिन हे विष यकृत बिघडवते आणि त्याची झळ कवचालाही पोचते. शिरोळ, करवीरच्या पूरपट्ट्यात भिजून वाळवलेला मका ‘कोंबड्यांना चालेल’ म्हणून बाजूला काढला जातो. तो चालत नाही.

एप्रिल-मेमधले पातळ कवच उन्हाचे असते. कोंबडीला घाम येत नाही, ती चोच उघडून धापा टाकते. त्यात रक्तातला कार्बन डायऑक्साइड निघून जातो आणि कवचाला लागणारे कार्बोनेट तुटपुंजे पडते. शिवाय ती खातेही कमी. सावली, गार पाणी आणि पहाटेचा खुराक एवढ्याने बराच फरक पडतो.

अंड्याच्या कमरेला वळ किंवा सांधल्यासारखी रेघ असेल तर आदल्या संध्याकाळी कोंबडी घाबरली होती असे समजावे. कवच कोवळे असताना ते आतच चिरते आणि वरून पुन्हा थर चढतो. कुत्रे मागे लागणे, खुराड्यातली दाटी, गणपतीच्या मिरवणुकीतला दणदणाट यांनी हे होते.

रोगाची खूण वेगळी असते. एकाच वेळी अनेक कोंबड्यांची अंडी सुरकुतली, आतला पांढरा बलक पाण्यासारखा झाला आणि कोंबड्या घुरघुरत असतील, तर संसर्गजन्य ब्राँकायटिसचा संशय घ्यावा. तपकिरी अंडी अचानक फिकी आणि मऊ पडली, कोंबड्या मात्र ठणठणीत दिसल्या, तर एग ड्रॉप सिंड्रोमचा. त्याचा विषाणू मुळात बदकांचा, म्हणून बदके आणि कोंबड्या एका डबक्यावर सोडू नयेत. मानमोडीतही (राणीखेत) कवच बिघडते, पण तिथे कवचाआधी कोंबडी वाचवायची वेळ येते. अशा वेळी पशुवैद्यकीय दवाखाना गाठावा.

वय झालेल्या कोंबडीचे अंडे मोठे होते, कॅल्शियम तेवढेच राहते, म्हणून कवच ताणले जाऊन पातळ पडते. यावर खात्रीचा इलाज नाही. कोल्हापुरात अशी कोंबडी रश्श्यासाठी निघते.

पातळ कवचाची किंवा तडा गेलेली अंडी खुडकीखाली ठेवू नयेत. त्यांतला ओलावा लवकर उडतो, जंतू आत शिरतात आणि अंडे कुजून फुटले तर शेजारची चांगली अंडीही नासतात. अंधारात मोबाइलचा टॉर्च कवचाला टेकवला की केसासारखा बारीक तडाही उजळून दिसतो. असे अंडे त्याच दिवशी पूर्ण शिजवून खावे. तड्याखालचा आतला पापुद्राही फाटला असेल तर टाकून द्यावे.