स्ट्रोकनंतरची डागडुजी: पेशी येतात, पण सावकाश

मेंदूची मोठी धमनी गुठळीने बंद झाली की मिनिटाला सुमारे १९ लाख चेतापेशी मरतात. अशा वेळी गुठळी विरघळवणे किंवा ओढून काढणे हाच उपाय. शरीराची स्वतःची डागडुजी, म्हणजे नव्या रक्तवाहिन्या घडवणे, त्याची जागा घेऊ शकत नाही, कारण ती रंगात यायलाच काही दिवस जातात.

तिची सुरुवात मात्र लगेच होते. एरवी पेशी एचआयएफ-१ हे प्रथिन तयार होताच मोडून टाकतात. प्राणवायू कमी पडला की ते टिकते आणि व्हीईजीएफ (रक्तवाहिन्यांना वाढीचा संदेश देणारा) व एसडीएफ-१ (पेशींना बोलावणारा) या संदेशरेणूंची निर्मिती वाढवते. हे रेणू रक्तातून अस्थिमज्जेपर्यंत पोचतात. तिथल्या पूर्वज पेशींवर, म्हणजे ज्यांपासून रक्तवाहिन्यांचे अस्तर बनते असे मानले गेले त्या पेशींवर, एसडीएफ-१ ओळखणारा ग्राहक (रिसेप्टर) असतो. त्या सुटून रक्तात उतरतात आणि जिथे हा रेणू दाट, तिकडे सरकतात. साधारण आठवड्याभरात रक्तातली त्यांची संख्या शिगेला पोचते. ज्यांच्यात ही वाढ जास्त, ते रुग्ण तीन महिन्यांनी बऱ्या स्थितीत आढळले आहेत. पण कारण आणि परिणाम एवढ्याने ठरत नाही.

१९९७ मध्ये ताकायुकी आसाहारा आणि सहकाऱ्यांनी प्रौढांच्या रक्तातून अशा पेशी वेगळ्या केल्या. त्यांना ‘पूर्वज’ हे एकच नाव पडले आणि घोळ तिथूनच सुरू झाला. प्रयोगशाळेत आठवड्याभरात वाढणाऱ्या बहुतेक पेशी खरे तर पांढऱ्या पेशींच्या कुळातल्या. त्या रक्तवाहिनीची भिंत होत नाहीत, शेजारच्या केशवाहिन्यांना फुटवे यावेत म्हणून रसायने सोडतात. भिंत रचू शकणाऱ्या पेशी दोन-तीन आठवड्यांनी वसाहत करतात, तीही मोजकीच. रक्तात त्या इतक्या विरळ की नमुन्यातल्या लाखो पेशी तपासल्याशिवाय आकड्यावर भरवसा ठेवता येत नाही.

व्हीईजीएफ लवकर वाढले तर नळ्या झिरपतात, सूज चढते. एमएमपी-९ हे विकर पहिल्या दिवसांत रक्त-मेंदू अडसर (रक्तातले नको ते घटक मेंदूत शिरू न देणारी भिंत) फाडते, आठवड्यानंतर तेच नव्या नळ्यांना वाट करून देते. त्यामुळे ते सरसकट दाबणारे औषध उशिरा दिल्यास उलटे पडू शकते.

मधुमेहात या पेशी कमी असतात आणि सुस्तही, कारण त्यांना हलवणारे नायट्रिक ऑक्साइड पुरेसे बनत नाही. धूम्रपानानेही त्या घटतात, सोडल्यावर काही आठवड्यांत पुन्हा वाढतात. नियमित व्यायाम आणि स्टॅटिन (कोलेस्टेरॉल कमी करणारी औषधे) यांनीही संख्या वाढते. बाहेरून पेशी टोचण्याचे उपचार मात्र अजून प्रयोगाच्याच पातळीवर आहेत: कोणत्या पेशी, किती आणि कितव्या दिवशी, यांतले काहीच पक्के ठरलेले नाही.