जीन एडिटिंगचं बियाणं : आमच्या गिऱ्हाइकांसाठी माहिती

पऱ्हे टाकायचे दिवस आले की काउंटरवर हमखास विचारणा होते, "भाऊ, ते क्रिस्परचं धान आलं का?" क्रिस्पर म्हणजे जनुकात नेमक्या जागी काटछाट करायचं तंत्र. आमच्या कृषी केंद्रात ते धान नाही. पण प्रश्न रास्त आहे, म्हणून हे पत्रक.

मे २०२५ मध्ये केंद्र सरकारने जनुक-संपादित धानाचे दोन वाण जाहीर केले. हैदराबादच्या भात संशोधन संस्थेने सांबा मसुरीवरून 'कमला' काढला, तर दिल्लीच्या पुसा संस्थेने एमटीयू १०१० वरून 'पुसा डीएसटी राईस १'. १०१० ची ओळख आपल्या धानपट्ट्यात कुणाला करून द्यायला नको. 'कमला'मध्ये लोंबीतल्या दाण्यांची संख्या आवरून धरणारं जनुक निकामी केलं आहे. २००२ साली आलेल्या बीटी कपाशीत जिवाणूचं जनुक घातलेलं असतं. या दोन वाणांत बाहेरचं जनुक ठेवलेलं नाही. त्यामुळे २०२२ पासून अशा वाणांना जीएमच्या (बाहेरचं जनुक घातलेल्या पिकांच्या) कडक नियमांतून बरीच सूट आहे.

आता त्याच्याही पुढची गोष्ट. धानाच्या मुळात, पानात आणि दाण्यात जनुकं तीच असतात, पण कुठलं कुठे चालायचं हे वेगळं ठरतं. बोअरची मोटर शाबूत असली तरी स्टार्टर दाबल्याशिवाय पाणी येत नाही, तसंच हे. जनुकं ज्याची बनलेली असतात त्या डीएनएवर मिथिल नावाच्या बारीक रासायनिक खुणा बसतात आणि त्यामुळे जनुक बहुधा बंद राहतं. डीएनएची अक्षरं, म्हणजे त्यातला मजकूर, न बदलता होणाऱ्या अशा फरकांना एपिजेनेटिक्स म्हणतात.

खूण आहे आणि जनुक बंद आहे, एवढं पूर्वीही दिसायचं. पण खुणेमुळेच ते बंद आहे का, हे ठरवणं अवघड होतं. नवी अवजारं इथे कामी आली. क्रिस्परमधल्या कॅस९ या डीएनए कापणाऱ्या प्रथिनाची कापायची धार काढून टाकतात, नेमक्या जागी जाऊन बसायची ताकद तेवढी ठेवतात. मग त्याला खूण लावणारं किंवा पुसणारं एन्झाइम जोडतात. एकाच जागची खूण बदलायची आणि झाड काय करतं ते पाहायचं. २०१८ मध्ये मोहरीच्या कुळातल्या अरॅबिडॉप्सिस या छोट्या रोपावर शास्त्रज्ञांनी अशा लक्ष्यवेधी पद्धतीने एका जनुकावरच्या खुणा पुसल्या. त्यासाठी वापरलेलं एन्झाइम माणसाचं होतं! ते जनुक जागं झालं, फुलोरा उशिरा आला आणि हा गुण पुढच्या पिढीतही उतरला. डीएनएचं एक अक्षरही बदललं नव्हतं.

आम्हाला यात दम वाटतो. फुलोरा केव्हा येतो, पावसाचा खंड पडला तर रोप कसं तगतं, अशा गोष्टींची कळ याच नियंत्रणात आहे. पण हे काम अजून प्रयोगशाळेतलं आहे, बांधीतलं नाही. लावलेली प्रत्येक खूण पुढच्या बियाण्यात टिकेलच असंही नाही.

तेव्हा कुणी मोटारसायकलवर येऊन 'एपिजेनेटिक बियाणं' म्हणून साधी पिशवी पुढे केली, तर घेऊ नका. चोरबीटीच्या (परवानगी नसताना चोरून विकलेल्या बीटी कपाशीच्या बियाण्याच्या) वेळी काय झालं ते यवतमाळ-वर्धेकडच्या पाहुण्यांना विचारा. पिशवीवर लेबल, वाणाचं नाव आणि लॉट नंबर बघा, पक्कं बिल मागा. आमच्याकडून घेतलं तरी हेच करा. रिकामी पिशवी, बिल आणि मूठभर बियाणं धान घरी येईपर्यंत जपून ठेवा. उगवण फसली तर तालुका कृषी अधिकाऱ्यांकडे तक्रार करताना तेच लागतं.