महिला आइस हॉकी: गावातून भारतीय संघाच्या निवडीपर्यंत पात्रता, कागदपत्रं आणि अडणाऱ्या जागा

आशिया कपचा किंवा जागतिक स्पर्धेचा फॉर्म कुठे भरायचा, असं पालक विचारतात. खेळाडूने स्वतः भरायचा असा फॉर्मच नसतो. या स्पर्धा आंतरराष्ट्रीय आइस हॉकी महासंघाच्या, म्हणजे आयआयएचएफच्या. भारताचा संघ तिथे आइस हॉकी असोसिएशन ऑफ इंडिया पाठवते. खेळाडूचं नाव त्यांच्या यादीतूनच जातं. त्यामुळे पैसे घेऊन 'डायरेक्ट एंट्री' मिळवून देतो म्हणणाऱ्याला दारातूनच परत पाठवा.

वाट अशी आहे: राज्याचा संघ, मग राष्ट्रीय स्पर्धा किंवा लेहला होणारे खेलो इंडिया विंटर गेम्स, तिथून राष्ट्रीय शिबिराचं बोलावणं आणि शेवटी अंतिम संघ. भारतीय महिला संघ पहिल्यांदा आंतरराष्ट्रीय स्पर्धेत उतरला तो २०१६ मध्ये, तैपेईला. २०२५ मध्ये संयुक्त अरब अमिरातीतल्या अल ऐनला झालेल्या आशिया कपमध्ये त्याने कांस्यपदक मिळवलं. संघातल्या बहुतेक मुली लडाख आणि स्पितीच्या आहेत, गोठलेल्या तलावावर खेळत वाढलेल्या. वणीच्या किंवा अचलपूरच्या मुलीने पहिलं लक्ष्य राज्य संघ ठेवावं. ते जमण्यासारखं आहे, आणि पुढचं दारही तिथूनच उघडतं.

पात्रतेची मुख्य अट भारतीय नागरिकत्वाची, आणि परदेशातल्या स्पर्धेसाठी भारतीय पासपोर्ट हवाच. वयाची अट गटाप्रमाणे बदलते, म्हणून त्या वर्षीचं परिपत्रक वाचूनच नाव द्या. घोटाळा होतो तो दुसरीकडे. आपल्याकडे मुली शिकतात चाकांवरचं स्केटिंग, आणि रोलर व इनलाइन (एका ओळीत चाकं असलेल्या स्केटवरच्या) हॉकीची राष्ट्रीय संघटना वेगळी आहे. आइस हॉकीची वेगळी, बर्फावरच्या शर्यतींची आणखी वेगळी. इनलाइन हॉकीचं जिल्हा किंवा राज्य पातळीचं प्रमाणपत्र आइस हॉकीत धरलं जात नाही. क्लासवाल्यांनी 'हॉकीचं सर्टिफिकेट' म्हणून दिलेल्या कागदावर कोणत्या संघटनेचा शिक्का आहे ते आधी बघा. निवड चाचणीची सूचना ज्या राज्य संघटनेकडून आली, ती आइस हॉकी असोसिएशनशी संलग्न आहे का, हेही विचारून घ्या.

चाचणीला सहसा आधार कार्ड, जन्माचा दाखला, शाळेचं बोनाफाइड, पासपोर्ट आकाराचे फोटो, डॉक्टरांचं तंदुरुस्तीचं प्रमाणपत्र आणि अठरा वर्षांखालच्या मुलीसाठी पालकांचं संमतिपत्र मागतात. काही वेळा अधिवास प्रमाणपत्रही लागतं. त्याचा अर्ज आपले सरकार सेवा केंद्रातून तहसीलच्या नावाने टाकावा. दहावी-बारावीच्या निकालानंतर तिथे झुंबड उडते, त्याआधीच काढून ठेवा.

गावातल्या मुलीचं काम अडतं ते बहुधा जन्मनोंदीवर. ग्रामपंचायतीच्या रजिस्टरमध्ये मुलीचं नावच नसतं, फक्त 'स्त्री' आणि वडिलांचं नाव. किंवा घरी झालेल्या बाळंतपणाची नोंदच झालेली नसते. एक वर्ष उलटून गेलेल्या नोंदीला दंडाधिकाऱ्यांचा आदेश लागतो, म्हणजे ते काम आठवड्याभरात उरकत नाही. शाळेत घालताना गुरुजींनी अंदाजे लिहिलेली तारीख आणि दाखल्यावरची तारीख वेगळी निघाली, तर वयोगटाच्या स्पर्धेत थेट संशय येतो. आधी जन्मदाखला, मग त्याप्रमाणे आधार आणि शाळेचं रजिस्टर, या क्रमाने दुरुस्ती करा. उलट केलं की सगळं पुन्हा करावं लागतं.

पासपोर्ट निवड होण्याची वाट न बघता काढा. यादी लागल्यावर व्हिसासाठी हातात फार दिवस नसतात, आणि पासपोर्ट प्रवासाच्या तारखेपुढे निदान सहा महिने चालणारा लागतो. अर्ज पासपोर्ट सेवा पोर्टलवर भरायचा, पैसेही तिथेच भरून अपॉइंटमेंट घ्यायची. ३६ पानांच्या पुस्तिकेला प्रौढांसाठी १,५०० रुपये, अठरा वर्षांखाली १,०००. तत्काळला वर २,०००. विदर्भाचं विभागीय कार्यालय नागपूरला आहे, पण बऱ्याच ठिकाणी टपाल कार्यालयातच सेवा केंद्र आहे. अपॉइंटमेंट घेताना जवळचं निवडा.

फॉर्ममध्ये आपल्या नावाची तीन पदं दोन रकान्यांत बसवायची असतात. 'गिव्हन नेम'मध्ये मुलीचं आणि वडिलांचं नाव, 'सरनेम'मध्ये फक्त आडनाव. नेट कॅफेवाला कधी वडिलांचं नाव गाळतो, कधी आडनाव दोन्हीकडे टाकतो. आधारवर एक स्पेलिंग आणि टीसीवर दुसरं असेल, तर फाइल तिथेच थांबते. १ ऑक्टोबर २०२३ पूर्वी जन्मलेल्यांना जन्मतारखेसाठी टीसी किंवा दहावीचं प्रमाणपत्रही चालतं. अल्पवयीन मुलीसाठी आई-वडिलांच्या सहीचं ठरावीक नमुन्यातलं घोषणापत्र, म्हणजे अनेक्श्चर डी लागतं. दोघांपैकी एकाचीच संमती मिळत असेल तर अनेक्श्चर सी. अठरा पूर्ण झालेल्या मुलीने दहावीचं प्रमाणपत्र सोबत न्यावंच. ते नसेल तर पासपोर्टवर ईसीआरचा, म्हणजे परदेशी कामाला जाताना सरकारी तपासणी लागते असा शेरा पडतो, आणि आखाती देशाच्या विमानाला नसती विचारपूस सुरू होते. पोलीस पडताळणीला घरी कोणी नसेल तर शेरा उलटा जातो, म्हणून फॉर्मवरचा मोबाइल नंबर कॅफेवाल्याचा नको, घरातलाच द्या.

निवड चाचणीसाठी लेहला जायचं तर हिवाळ्यात रस्ते बंद असतात, दिल्लीहून विमानच. लेह समुद्रसपाटीपासून सुमारे ३,५०० मीटरवर आहे, त्यामुळे उतरल्यावर निदान दोन दिवस विश्रांती हवी. पोहोचल्याच दिवशी सरावाला उतरलेल्या मुलीला डोकेदुखी आणि मळमळ धरते, आणि चाचणी वाया जाते. बर्फावर आणखी एक गोष्ट फसते, ती थांबण्याची. इनलाइनच्या चाकांवर शिकलेली मुलगी वेग घेते झकास, पण बर्फावर पाती आडवी करून, बर्फ खरवडत थांबायचं असतं. ती सवय चाकांवर लागत नाही. चाचणीच्या आधी डेहराडूनसारख्या खऱ्या बर्फाच्या रिंकवर थोडे दिवस तरी घालवावेत. गावात मंगल कार्यालयाच्या गुळगुळीत फरशीवर स्टिक आणि चेंडूचा सराव होतो, पकवरचा, म्हणजे आइस हॉकीतल्या चपट्या रबरी चकतीवरचा हात त्यातून नक्की सुधारतो.

साहित्यात संपूर्ण चेहरा झाकणारी जाळी किंवा काच महिलांना सक्तीची आहे. मानेचा गार्डही आयआयएचएफने सक्तीचा केला आहे. साधं हेल्मेट घेऊन गेलं तर मैदानावर उतरू देत नाहीत. स्केट नेहमीच्या बुटापेक्षा साधारण एक नंबर लहान लागतात. सैल स्केटमध्ये घोटा मुरगळतो.

राहिलं औषधांचं. राष्ट्रीय स्पर्धेपासून पुढे नाडा ही राष्ट्रीय उत्तेजकविरोधी संस्था खेळाडूची उत्तेजक चाचणी घेऊ शकते. अंगात कसकस आली की गावात डॉक्टर सलाईन लावतात आणि सोबत एक इंजेक्शन देतात. पण रुग्णालयातल्या उपचाराचा, शस्त्रक्रियेचा किंवा तपासणीचा भाग नसेल, तर बारा तासांत १०० मिलीहून जास्त सलाईन खेळाडूला केव्हाही मनाई आहे. त्या इंजेक्शनमध्ये डेक्सामेथासोनसारखं स्टेरॉइड असलं, तर स्पर्धेच्या काळात तेही निषिद्ध. डॉक्टरांना आधीच सांगा की पोरगी खेळाडू आहे, चिठ्ठीवर औषधाचं नाव लिहून घ्या आणि ती चिठ्ठी पासपोर्टच्या फाइलमध्येच ठेवा.