मराठी टाइपरायटर: आला कसा, गेला कुठे

एप्रिल २०११मध्ये एक बातमी जगभर फिरली: जगातला शेवटचा टाइपरायटर कारखाना बंद, आणि तो कारखाना आपल्या गोदरेजचा. बातमी अर्धीमुर्धीच खरी होती. गोदरेजने टाइपरायटर बनवणं २००९मध्येच थांबवलं होतं. गोदामात उरलेली थोडी यंत्रं, त्यातही बरीचशी अरबी कळफलकाची, तेवढी विकायची राहिली होती. ‘जगातला शेवटचा’ हे तर चूकच. चीनमध्ये तेव्हाही टाइपरायटर बनत होते आणि ब्रदर कंपनीच्या रेक्समच्या कारखान्यातून ब्रिटनमधला शेवटचा इलेक्ट्रिक टाइपरायटर बाहेर पडला तो २०१२मध्ये. पण त्या निमित्ताने माळ्यावर पडलेल्या यंत्राकडे लोकांचं पुन्हा लक्ष गेलं, हे मात्र खरं.

युरोप-अमेरिकेत हा छंद जुना आहे. जुन्या टाइपरायटरच्या संग्राहकांची संघटना तिथे १९८७पासून आहे. ऑलिव्हेटी कंपनीचा लेटेरा २२ हा टाइपरायटर न्यूयॉर्कच्या आधुनिक कला संग्रहालयात जाऊन बसला, आणि कादंबरीकार कॉरमॅक मॅकार्थी यांचा वापरून झिजलेला लेटेरा ३२ डिसेंबर २००९मध्ये लिलावात अडीच लाख डॉलरच्या वर गेला. आपल्याकडे असलं वलय नाही. इथे यंत्र हाती लागतं ते सरकारी कार्यालयाच्या निर्लेखनातून (जुनं सामान मोडीत काढताना), बंद पडलेल्या टायपिंग इन्स्टिट्यूटमधून, नाहीतर जुन्या बाजारातून. आणि नवशिक्या संग्राहक बहुतेक वेळा इंग्रजी रेमिंग्टनवर हात ठेवतो, शेजारचा मराठी गोदरेज तसाच सोडतो. माझ्या मते इथेच गफलत होते. ती का, हे कळायला मराठी यंत्राचा इतिहास पाहावा लागतो.

इंग्रजी यंत्राची गोष्ट थोडक्यात आटोपते. अमेरिकेत मिलवॉकीच्या ख्रिस्तोफर शोल्सने सहकाऱ्यांबरोबर १८६८मध्ये पेटंट घेतलं. बंदुका आणि शिवणयंत्रं बनवणाऱ्या रेमिंग्टनने १८७४मध्ये ते यंत्र बाजारात आणलं. त्यावर फक्त मोठी अक्षरं उमटत. १८७८च्या मॉडेलमध्ये शिफ्ट आली आणि कळ दाबताच कागदावर आपटणाऱ्या एका दांडीवर दोन ठसे बसू लागले. पंचेचाळीसच्या आसपास कळा आणि त्यावर नव्वदेक ठसे, एवढ्यात इंग्रजीचं सगळं भागतं. देवनागरीचं घोडं नेमकं इथेच अडतं.

छापखान्यात देवनागरीला शेकडो खिळे, म्हणजे अक्षरांचे धातूचे ठसे, लागत. ‘केसरी’साठी ही संख्या कमी करण्याच्या खटपटीत स्वतः लोकमान्य टिळक होते. सावरकरांनी ‘अ’च्या बाराखडीचा, म्हणजे ‘इ’ऐवजी ‘अि’ लिहिण्याचा, आग्रह धरला त्यामागेही खिळे वाचवण्याचा हिशेब होता. लिपीसुधारणेसाठी भरलेल्या १९५३च्या लखनौ परिषदेने तर ऱ्हस्व वेलांटी अक्षराच्या उजवीकडे, आखूड दांड्याची करावी असं सुचवलं. लोकांना ते पचलं नाही आणि काही वर्षांत सूचना मागे घ्यावी लागली. लिपी बदलून यंत्रात बसवण्याचे हे प्रयत्न फसले. शेवटी झालं ते उलट: लिपी तशीच राहिली आणि यंत्राने तिचे तुकडे केले.

हे तुकडे फार हुशारीने पाडलेले आहेत. भ, ण, ख, ध, श यांचे पूर्ण ठसे यंत्रावर नाहीतच. आहे तो अर्धा भ, त्याला काना मारला की पूर्ण भ. त्यामुळे जोडाक्षराचा अर्धा ठसा वेगळा बसवावा लागत नाही. ‘ई’साठी वेगळी कळ नाही: ‘इ’ मारायचा आणि डोक्यावर रफार द्यायचा. ‘अ’ला काना दिला की ‘आ’. मात्रा, उकार, अनुस्वार यांच्या कळा ‘डेड’. ठसा उमटतो, पण कागद धरणारा गाडा पुढे सरकत नाही. आणि ऱ्हस्व वेलांटी अक्षराच्या आधी मारायची, म्हणजे ‘किती’ हा शब्द वेलांटीपासून सुरू होतो. शिकणाऱ्याला पहिले काही दिवस हे उफराटं वाटायचं, मग बोटांना त्याचीच सवय व्हायची. ही सवय इतकी पक्की की संगणक आल्यावरही ‘रेमिंग्टन मराठी’ कळफलक तसाच पुढे चालू राहिला.

स्वदेशी यंत्रही याच काळात आलं. गोदरेजने १९५५मध्ये विक्रोळीत टाइपरायटर बनवायला सुरुवात केली. त्या वर्षीच्या, मद्रासजवळ आवडी इथे झालेल्या काँग्रेस अधिवेशनात ते मांडलं गेलं आणि नेहरूंना त्यात स्वतंत्र, औद्योगिक भारताचं प्रतीक दिसलं. कोलकात्यात रेमिंग्टन रँड, मद्रासला रायला कॉर्पोरेशनचा हाल्डा, असे स्पर्धकही होते. महाराष्ट्रात मराठी यंत्राला खरं गिऱ्हाईक मिळालं ते सरकारमुळे. १९६०मध्ये राज्य झालं, १९६४चा राजभाषा अधिनियम आला, आणि मंत्रालयापासून तहसीलपर्यंत पत्रव्यवहार मराठीत न्यायचा तर यंत्रं हवीत आणि ती चालवणारी माणसंही हवीत. ‘लिपिक-टंकलेखक’ हे पद आणि त्यासाठीची मराठी, मिनिटाला ३० शब्दांची परीक्षा, यांवर गावोगावच्या इन्स्टिट्यूट उभ्या राहिल्या. दहावी-बारावीनंतर ‘टायपिंग लाव’ हा सल्ला घराघरात मिळे. कित्येक मुलींनी नोकरीचा उंबरठा ओलांडला तो याच प्रमाणपत्रावर.

यंत्रावर नोकरीपलीकडे जीव जडलेलेही होते. मुंबईचे चंद्रकांत भिडे युनियन बँकेत टायपिस्ट होते. एकदा इंटरकॉमची यादी त्यांनी टेलिफोनच्या आकारात टाइप केली आणि पुढे अक्षरांतून माणसांचे चेहरे काढू लागले. निवृत्त होताना त्यांनी आपलं यंत्र मागितलं, बँकेने ते एका रुपयात दिलं.

सगळ्याच यंत्रांच्या नशिबी असा धनी नव्हता. २०१७मध्ये राज्यात यांत्रिक टाइपरायटरवरची शेवटची शासकीय परीक्षा झाली. पुढे सगळं संगणकावर. मग इन्स्टिट्यूटमधली यंत्रं ठेवायची कुठे? पुष्कळ भंगारात किलोने गेली. इंग्रजी यंत्राला निदान शोभेची वस्तू म्हणून गिऱ्हाईक असतं, मराठीला तेही नाही. शिवाय इंग्रजी यंत्राचा एखादा ठसा तुटला तर तसलंच दुसरं यंत्र जगात कुठेतरी सापडतं. मराठी ठसे असलेली यंत्रं इथेच होती आणि इथेच वितळली.

म्हणूनच मराठी यंत्र दुरुस्त करणं अधिक नाजूक. इंग्रजीत एखादं अक्षर किंचित खाली बसलं तरी नजर माफ करते. मराठीत शिरोरेषा लगेच चुगली करते: एक ठसा केसभर वाकला की रेघ पायऱ्यापायऱ्यांची दिसते, आणि अर्धा भ व काना यांच्यात फट पडते. जुने मेकॅनिक यंत्र घेताना आधी एक ओळ मारून रेघ बघत, रंगरूप नंतर. कान्याचा ठसा आधी तपासावा, कारण सगळ्यात जास्त मार त्यालाच. मात्रा-उकाराच्या कळा दाबून गाडा जागचा हलत नाही ना, हेही पाहून घ्यावं.

बाकी कामं दोन्ही यंत्रांत सारखीच. ठशांत साचलेली शाई ब्रश आणि थोड्या पेट्रोलने निघते. सगळ्या दांड्या ज्या खाचांत फिरतात तिथे मात्र तेल घालू नये. तेलावर धूळ बसून चिकटा होतो आणि दांड्या अर्ध्यात अडकतात. घरोघरी शिवणयंत्राचं तेल ओतून बिघडवलेली यंत्रं इतकी आहेत की ती धुण्यातच मेकॅनिकचा निम्मा वेळ जातो. रोलरचं रबर वयोमानाने दगडासारखं होतं, कागद घसरतो; ते नव्याने चढवून घ्यावं लागतं. गाडा ओढणारी दोरी तुटली असेल तर मासे पकडायच्या नायलॉन गळाच्या दोरीवर काम भागतं. अर्ध्या इंची रिबन अजून मिळते.

आणि स्क्रू-ड्रायव्हर हातात घेण्याआधी प्रत्येक कळ दाबून, शिफ्टसह, तिचा ठसा कागदावर उमटवून ठेवावा. गोदरेज आणि रेमिंग्टनच्या मांडणीत फरक आहेत. ठसे दांडीला डाख देऊन बसवलेले असतात आणि आधीच्या एखाद्या दुरुस्तीत कुणी दुसऱ्या भाषेच्या यंत्राचा ठसा चिकटवलेला असू शकतो. हिंदी यंत्रावरून मराठीकडे वळवलेल्या यंत्रात ‘ळ’ची कळ सर्वांत आधी तपासावी.