तारकर्लीची डुबकी आणि ओपन वॉटर कोर्स

मे महिन्यात मालवणला जाऊन आलेल्या कुटुंबाच्या फोनमध्ये आता एक फोटो हमखास असतो. हिरवट-निळं पाणी, तोंडात सिलिंडरची हवा देणारा रेग्युलेटर, चेहऱ्यावर घट्ट बसलेला मास्क आणि भोवती पट्ट्यापट्ट्यांच्या माशांचा घोळका. "आम्ही स्कूबा डायव्हिंग केलं" असं ते सांगतात आणि त्यात खोटं काहीच नाही. घोटाळा पुढच्या वाक्यात होतो. "दिवाळीत अंदमानला जाऊ, तिथे अजून खोल उतरू. स्कूबा काय, आता येतंच."

ते आलेलं नसतं. तारकर्ली-मालवणला बहुतेक लोक जे करतात त्याला डिस्कव्हर स्कूबा किंवा ट्राय डाइव्ह म्हणतात. मी त्याला इथे सरळ डुबकी म्हणतो. दुसरी गोष्ट म्हणजे ओपन वॉटर डायव्हरचा कोर्स, जो पूर्ण केला की तुम्हाला डायव्हर म्हणून कार्ड मिळतं. दोन्हींत सिलिंडर तोच, समुद्र तोच, कधी कधी बोटही तीच. त्यामुळे बाहेरून बघणाऱ्याला फरक कळत नाही. फरक एवढाच, पण फार मोठा आहे: पाण्याखाली तुमच्या खोलीचा, हवेचा आणि परतीचा हिशेब कोण ठेवतो.

डुबकीत तो हिशेब पूर्णपणे इन्स्ट्रक्टरकडे असतो. बोटीवर किंवा कमरेएवढ्या पाण्यात तुम्हाला दहा-पंधरा मिनिटांत चार गोष्टी सांगतात. श्वास फक्त तोंडाने घ्यायचा आणि कधीही रोखून धरायचा नाही. कान दुखायला लागले की नाक दाबून हलकेच फुंकायचं. अंगठा वर केला तर 'मला वर यायचंय', आणि सगळं ठीक असेल तर अंगठा व तर्जनी जुळवून गोल करायचा. (पहिल्यांदा उतरणारी माणसं खुशीने अंगठा दाखवतात आणि इन्स्ट्रक्टर त्यांना इमाने इतबारे वर घेऊन येतो.) शेवटी तो म्हणतो, "बाकी सगळं माझ्यावर सोडा." डुबकीचं सार या एका वाक्यात आहे.

फोटोत न दिसणारा हात नीट बघा. इन्स्ट्रक्टर तुमच्या मागे किंवा वर असतो. त्याची एक मूठ सिलिंडरच्या मानेशी असते आणि दुसरा हात तुमच्या जॅकेटच्या इन्फ्लेटरवर. त्या नळीवर दोन बटणं असतात, एक जॅकेटमध्ये हवा भरायचं आणि एक सोडायचं. खाली जाताना तो सोडायचं बटण दाबतो, तळाशी टेकू नये म्हणून भरायचं, वर येताना पुन्हा सोडायचं. तुमचा हवेचा गेज तोच वाचतो. जायचं कुठल्या खडकाकडे आणि वळायचं कधी, हेही तोच ठरवतो. तुम्ही श्वास घेता आणि बघता. तेवढंच करायचं असतं, आणि पहिल्यांदा पाण्याखाली डोळे उघडणाऱ्याला तेवढं पुष्कळ आहे. सत्तरीची आजी आणि शाळकरी नातू एकाच सकाळी समुद्राचा तळ बघून येतात, ही मला फार मोलाची गोष्ट वाटते. या डुबकीला कमी लेखणाऱ्यांशी माझं पटत नाही.

पण त्या दहा-पंधरा मिनिटांत तुम्ही काय काय केलं नाही, ते लक्षात ठेवायला हवं. मास्कमध्ये पाणी शिरलं तर काय करायचं, रेग्युलेटर तोंडातून निसटला तर तो शोधायचा कसा, हवा संपत आली तर कोणाकडे जायचं, यातलं काहीही तुमच्या हाताला माहीत नाही. ते शिकवलं नाही म्हणून डुबकी वाईट ठरत नाही. ती त्यासाठी नसतेच.

कोर्स मात्र नेमका त्यासाठीच असतो. पाडी, एसएसआय अशा डायव्हिंगचं शिक्षण आणि कार्ड देणाऱ्या संस्थांची नावं वेगळी असली तरी सांगाडा साधारण सारखा: थिअरी, स्विमिंग पूलमधला किंवा शांत उथळ पाण्यातला सराव, आणि मग समुद्रातल्या किमान चार डाइव्ह. थिअरी आता घरी बसून फोनवर किंवा लॅपटॉपवर वाचता येते, व्हिडिओ असतात, प्रत्येक धड्याशेवटी प्रश्न असतात. आवडीने वाचणाऱ्याचं ते काही संध्याकाळींत होतं. खरा कस पूलमध्ये लागतो.

मास्क क्लिअरिंगचंच घ्या. तळाशी गुडघे टेकून बसायचं, मास्कची वरची कड किंचित उचलायची, पाणी आत येऊ द्यायचं. आधी अर्धा मास्क, मग पूर्ण. नाकपुड्यांना पाणी लागतं आणि शरीर ओरडून सांगतं की उठ, वर जा. उठायचं नाही. तोंडाने श्वास चालू ठेवायचा, मास्कची वरची कड कपाळावर दाबायची, मान थोडी वर करायची आणि नाकाने लांब श्वास सोडायचा. हवा वर चढते, पाणी खालच्या कडेने निघून जातं. पहिल्यांदा हे जमलं की चेहऱ्यावर जो भाव येतो तो मासा बघितल्याच्या आनंदापेक्षा वेगळा असतो. भीती वाटली, आणि तरी पुढे काय करायचं ते हातांना ठाऊक होतं.

हवा संपण्याचाही सराव असतो. एकदा जोडीदाराच्या जादा रेग्युलेटरवरून श्वास घेत वर यायचं. आणि एकदा एकट्याने, पोहत, सगळा वेळ 'आऽऽ' असा आवाज काढत. तो आवाज म्हणजे श्वास रोखलेला नाही याची खूण.

यामागचं कारण बॉइलच्या नियमात आहे (दाब वाढला की हवा आकसते, कमी झाला की फुगते), आणि डुबकी मारणाऱ्यानेही ते समजून घ्यावं असं मला मनापासून वाटतं. समुद्रात दर १० मीटरला दाब साधारण एका वातावरणाने वाढतो. पृष्ठभागावर एक, १० मीटरवर दोन, २० मीटरवर तीन. रेग्युलेटर तुम्हाला त्या त्या खोलीच्या दाबाची हवा देतो, म्हणून १० मीटरवर छातीभर श्वास घेतला तर ती हवा पृष्ठभागावर दुप्पट जागा मागते. श्वास चालू असेल तर जादा हवा आपोआप बाहेर पडते. रोखून धरला तर फुप्फुसाला इजा होते, आणि त्यासाठी फार खोल असण्याची गरज नसते. भरल्या छातीने एक-दीड मीटर वर येणंही धोक्याचं ठरू शकतं. ३० मीटरवरून २० वर येताना हवा एक तृतीयांशाने फुगते, १० वरून पृष्ठभागावर येताना दुपटीने. "आम्ही काय, उथळच गेलो होतो" या बोलण्यात म्हणूनच अर्थ नाही. हवा सगळ्यात जास्त फुगते ती उथळ पाण्यातच.

जॅकेटमधली हवाही अशीच फुगते. वर सरकलात की ती वाढते, वाढली की आणखी वर ढकलते. ती वेळेवर सोडली नाही तर माणूस बुचासारखा वर येतो. डुबकीत ते बटण इन्स्ट्रक्टर सांभाळतो, कोर्समध्ये ते बोट तुमचं असतं. हळूहळू तुम्ही ना वर ना खाली असे तरंगायला शिकता, नुसत्या श्वासाने हातभर वर-खाली होता. याचा फायदा प्रवाळालाही होतो. सिंधुदुर्ग किल्ल्याच्या परिसराला १९८७ साली सागरी अभयारण्याचा दर्जा मिळाला तो इथल्या जीवसृष्टीसाठीच. तोल न सावरलेल्या माणसाच्या पायातला एक फिन लागला तर कित्येक वर्षांत वाढलेलं प्रवाळ मोडतं. डुबकीला जाल तेव्हा पाय स्थिर ठेवा, कशालाही हात लावू नका, आणि कुठे माशांना ब्रेड-बिस्किटं घालत असतील तर नको म्हणा.

पोहण्याबद्दलचा गैरसमज दोन्ही बाजूंनी आहे. डुबकीला पोहता यायची गरज नाही. कोर्सला आहे, पण लोक घाबरतात तेवढी नाही. पाडीच्या कोर्सला २०० मीटर न थांबता पोहणं आणि १० मिनिटं पाण्यावर तरंगणं एवढं लागतं. वेळेची अट नाही, स्ट्रोक कोणताही चालतो.

आता कागदाचा मुद्दा, कारण सगळ्यात जास्त गल्लत इथे होते. डुबकीनंतर काही ठिकाणी नाव घालून प्रमाणपत्र देतात. ते सहभागाचं असतं, आठवण म्हणून छान. अंदमानातल्या स्वराज द्वीपच्या (पूर्वीचं हॅवलॉक) किंवा कर्नाटकातल्या नेत्राणी बेटाच्या डाइव्ह सेंटरवर ते दाखवून 'आम्ही डायव्हर' म्हणता येत नाही. तिथेही तुम्ही पुन्हा डुबकीवालेच. कोर्सचं कार्ड मात्र जगभर चालतं आणि त्याची मुदत संपत नाही. मध्ये बरेच महिने गेले असतील तर सेंटर एक उजळणी करायला लावतं, आणि ते योग्यच आहे.

कार्डावर खोलीची मर्यादाही ठरते. पाडीच्या नियमाने डुबकी जास्तीत जास्त १२ मीटर, ओपन वॉटर १८ मीटर, पुढचा ॲडव्हान्स्ड कोर्स केला तर ३० मीटर. मालवणची डुबकी बहुतेक वेळा १० मीटरच्या आतच आटोपते. आपल्याच किनाऱ्यासमोर, विजयदुर्गच्या पश्चिमेला सुमारे १०५ किलोमीटरवर, कान्होजी आंग्र्यांच्या नावाने ओळखलं जाणारं आंग्रिया बँक हे पाण्याखालचं प्रवाळ पठार आहे. त्याचा माथाच सुमारे २० मीटरवर सुरू होतो, म्हणजे ओपन वॉटरचं कार्डही तिथे पुरत नाही. ज्याला तिथवर जायची ओढ आहे त्याचा रस्ता पूलमधल्या त्या मास्कपासून सुरू होतो.

परतीच्या प्रवासाचं गणितही दोन्हींत वेगळं. दाबाखाली श्वास घेताना नायट्रोजन शरीरात मुरतो आणि बाहेर पडायला वेळ घेतो. त्याआधीच उंचावर गेलं तर तिथे दाब कमी असल्याने त्याचे शरीरात बुडबुडे होऊ शकतात. म्हणून डायव्हर्स अलर्ट नेटवर्क या डायव्हिंग-सुरक्षेच्या संस्थेचा सल्ला असा, की एका डाइव्हनंतर किमान १२ तास आणि अनेक डाइव्ह केल्या असतील तर किमान १८ तास विमानात बसू नये. उथळ, छोट्या डुबकीत नायट्रोजन कमीच मुरतो, तरी सकाळी डुबकी आणि दुपारी गोव्यातल्या मोप्याहून विमान असा बेत आखू नका. कोर्सवाल्यांनी तर घाटाचाही विचार करायला हवा. आंबोली सुमारे ७०० मीटर उंचीवर आहे. दोन दिवस डाइव्ह करून लगेच तो घाट चढण्यापेक्षा एक मुक्काम मालवणलाच वाढवावा. माशांचं जेवण आहेच.

तब्येतीच्या बाबतीत मात्र डुबकी आणि कोर्स यांत काडीचा फरक नाही. दमा, हृदयविकार, फिट्स, कानाची शस्त्रक्रिया यांतलं काही असेल तर आधी डॉक्टरांना विचारा. गरोदरपणात डाइव्ह नाहीच. सर्दी असेल तर त्या दिवशी उतरू नका, कारण चोंदलेल्या नाकाने कानातला दाब सारखा करता येत नाही. बोटीवर फॉर्म पुढे येतो तेव्हा सगळ्या रकान्यांत 'नाही' लिहून टाकायची घाई असते. तो फॉर्म वाचा. इन्स्ट्रक्टर तुमचं जॅकेट सांभाळू शकतो, तुमच्या छातीत काय आहे ते त्याला दिसत नाही.

मग करावं काय? सहलीत एक सकाळ मोकळी आहे, पाण्याखालचं जग एकदा बघायचंय, तर डुबकीच. सोबत किती माणसांमागे एक इन्स्ट्रक्टर आहे ते विचारा. एकास एक असेल तर उत्तम. आणि वर आल्यावर मन तिथेच खाली राहिलं असेल, तर दुसऱ्या-तिसऱ्या डुबकीवर पैसे घालू नका, ते कोर्ससाठी साठवा. कोर्सचा खर्च डुबकीच्या कैक पट आहे, तीन-चार दिवस द्यावे लागतात, पण त्यानंतरची प्रत्येक डाइव्ह तुमची स्वतःची असते.

मेअखेरीला आपल्या किनाऱ्यावरचं डायव्हिंग बंद होतं ते ऑगस्ट संपेपर्यंत. हा काळ कोर्ससाठी सोयीचा आहे. जूनमध्ये थिअरी सुरू करा, पावसाळ्यात पुण्या-मुंबईतल्या एखाद्या सेंटरबरोबर पूलचा भाग उरका, आणि समुद्रातल्या चार डाइव्ह तारकर्लीला, गोव्यात ग्रँड आयलंडला किंवा नेत्राणीला ठेवा. ऑक्टोबरनंतर पाणी निवळायला लागतं, आणि शिकणाऱ्याला स्वतःचा गेज, जोडीदार आणि तळ तिन्ही एकदम दिसणं फार उपयोगाचं असतं.